धारित्राच्या पाटीवरील आकडे

कारखान्याच्या वीजखोलीत भिंतीलगत उभ्या असलेल्या कपाटात करड्या रंगाचे डबे किंवा ॲल्युमिनियमची नळकांडी ओळीने मांडलेली आढळतात. त्यांत फिरणारा भाग नसतो आणि ती फारसा आवाजही करीत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ही शक्ति-धारित्रे होत. बाजारात त्यांना कपॅसिटर म्हणतात. ती विकत घेताना पाटीवरचा एकच आकडा विचारला जातो, तो म्हणजे 'किती केव्हीएआर?' त्याखालचे आकडे कोणी वाचत नाही. वास्तविक पहिला आकडा ज्या अटींवर खरा ठरतो त्या अटीच खाली लिहिलेल्या असतात. त्या न वाचता घेतलेले धारित्र दोन उन्हाळ्यांत फुगून निकामी होते. क्वचित फुटते आणि कपाटाला आग लागते. या पुस्तिकेत ती पाटी कशी वाचावी याचा विचार केला आहे.

धारित्र हवे कशाला?

प्रथम गरज पाहू. मोटर चालविण्यासाठी तिच्या लोखंडी गाभ्यात चुंबकीय क्षेत्र उभे करावे लागते. प्रत्यावर्ती प्रवाहात हे क्षेत्र सतत उभे राहते व मावळते. ५० हर्ट्‌झ कंप्रतेच्या पुरवठ्यात प्रत्येक कलेतील ही ऊर्जा सेकंदाला शंभर वेळा मोटरीकडे जाते आणि शंभर वेळा परत येते. या येरझारीतून पिठाचा एक कणही दळला जात नाही की पाण्याचा एक थेंबही वर चढत नाही. परंतु तारांना व रोहित्राला तिचा प्रवाह मात्र वाहून न्यावा लागतो. या येरझार घालणाऱ्या शक्तीला प्रतिक्रिय शक्ती म्हणतात व ती केव्हीएआरमध्ये मोजतात. प्रत्यक्ष काम करणारी शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात. दोहोंचा मिळून जो भार तारांवर पडतो तो केव्हीए, आणि किलोवॅट भागिले केव्हीए म्हणजे शक्तिगुणक.

धारित्राचे वर्तन मोटरीच्या नेमके उलट असते. मोटर ज्या क्षणी ऊर्जा मागते त्या क्षणी धारित्र ती सोडते, व मोटर परत करते तेव्हा ते ती साठविते. धारित्र मोटरीजवळ बसविले की येरझार त्या दोघांतच चालते आणि दूरच्या तारा मोकळ्या होतात.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या गिरणीचा भार १०० किलोवॅट व शक्तिगुणक ०.७५ आहे. म्हणजे तारांवर १३३ केव्हीएचा भार येतो व ४१५ व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यातून सुमारे १८५ अँपिअर प्रवाह वाहतो. शक्तिगुणक ०.९५ करावयाचा तर ५५ केव्हीएआर लागतात. तेवढे बसविल्यावर भार १०५ केव्हीएवर व प्रवाह सुमारे १४६ अँपिअरवर येतो. तारांतील उष्णतेचा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तो ३८ टक्क्यांनी घटतो. गिरणीच्या आतील यंत्रांना मात्र याची काही जाणीव होत नाही. बचत होते ती धारित्राच्या अलीकडच्या, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूच्या तारांत व रोहित्रात, आणि ज्या दरपत्रकात केव्हीएवर आकारणी असते तेथे बिलात. धारित्र बसविले म्हणजे यंत्रे कमी वीज खातात असा जो प्रचार कधीकधी ऐकू येतो, त्यात तथ्य नाही.

केव्हीएआर कोणत्या व्होल्टला?

आता पाटीकडे वळू. समजा, तिच्यावर लिहिले आहे: ५० केव्हीएआर, ४४० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. याचा अर्थ ४४० व्होल्टचा दाब मिळाला तरच ते ५० केव्हीएआर देईल. धारित्राची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ४१५ व्होल्टवर तेच धारित्र ४४.५ केव्हीएआर देते. ४८० व्होल्टसाठी बनविलेले ५० केव्हीएआरचे धारित्र ४१५ व्होल्टवर ३७.४ केव्हीएआर देते व ५२५ व्होल्टचे केवळ ३१.२. दुकानात तिन्ही 'पन्नासचीच' असतात. दोन विक्रेत्यांच्या दरांत मोठी तफावत दिसली, तर प्रथम दोघांनी कोणता दाब धरला आहे ते पाहावे. वरच्या गिरणीला ४१५ व्होल्टवर ५५ केव्हीएआर हवे असतील, तर ४४० व्होल्टच्या पाट्यांची बेरीज ६२ व्हावी लागेल.

कंप्रतेचे प्रमाण साधे आहे. ६० हर्ट्‌झच्या देशातून आलेले धारित्र आपल्या ५० हर्ट्‌झवर पाच-षष्ठांश शक्ती देते.

मग नेमका ४१५ व्होल्टचाच डबा का घेऊ नये? कारण पाटीवरचा दाब ही केवळ हिशेबाची बाब नाही. ती धारित्राच्या सहनशक्तीची मर्यादा आहे. आजच्या धारित्रात धातूचा अतिसूक्ष्म लेप दिलेली पॉलिप्रोपिलीनची फीत गुंडाळलेली असते. तिची जाडी साधारणपणे सहा ते आठ सहस्रांश मिलिमीटर असते. सात सहस्रांश मिलिमीटरवर ४४० व्होल्ट म्हणजे दर मिलिमीटरला सुमारे ६३ हजार व्होल्ट. कोरडी हवा दर मिलिमीटरला सुमारे तीन हजार व्होल्टलाच हार खाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या पातळ फितीवर केवढा ताण असतो याची कल्पना येईल. आणि मोटर रात्री विश्रांती घेते तशी धारित्राला विश्रांती नसते. ते जोडले की पूर्ण भारावरच चालते. त्याला अर्धा भार ठाऊक नाही.

फितीत कोठे दोष असेल तर तेथे ठिणगी पडते, तिच्या उष्णतेने भोवतालचा लेप वाफ होऊन उडून जातो आणि दोषाची जागा अलग पडते. याला स्वयंदुरुस्ती म्हणतात. गुण मोठा खरा, परंतु प्रत्येक दुरुस्तीत धारित्राचा कणभर भाग कायमचा जातो व थोडा वायू तयार होतो. दाब मर्यादेत असेल तर अशा दुरुस्त्या विरळ होतात. तो सतत वाढलेला असेल तर त्या दाट होतात, डबा फुगू लागतो व अखेरीस आतील दाबाने जोडणी तोडणारी सुरक्षायोजना काम करते. स्वस्त मालात ती योजनाच नसते किंवा डब्याला फुगण्यास जागा ठेवलेली नसते. स्फोट होतात ते बहुधा अशा ठिकाणी.

किती अधिक दाब किती काळ चालेल, हे लघुदाबाच्या स्वयंदुरुस्त धारित्रांसाठी आंतरराष्ट्रीय विद्युत्-तांत्रिक आयोगाच्या ६०८३१ क्रमांकाच्या मानकाने ठरवून दिले आहे; भारतीय मानक १३३४० हेही याच प्रकारच्या धारित्रांसाठी आहे. पाटीवरच्या दाबाच्या १.१० पट दाब चोवीस तासांतून आठ तास, १.१५ पट अर्धा तास, १.२० पट पाच मिनिटे व १.३० पट एक मिनिट. शेवटच्या दोन सवलती रोज वापरण्यासाठी नाहीत, हे आकड्यांवरूनच उघड आहे. कारखान्यातील चाचणीत अग्रांदरम्यान पाटीच्या २.१५ पट दाब लावून पाहतात, परंतु तो निदान दोन सेकंद टिकला पाहिजे इतकीच तिची अपेक्षा असते. 'दुप्पट दाबाला तपासलेले आहे' या विक्रेत्याच्या आश्वासनाचा अर्थ एवढाच. दोन सेकंदांच्या परीक्षेवरून दहा वर्षांची हमी निघत नाही. प्रचलित ठोकताळा असा की, दाब दहा टक्क्यांनी कायम अधिक राहिला तर आयुष्य निम्म्याच्या आसपास येते.

दाब वाढतो तो बहुधा रात्री. गावातील भार उतरला की ४१५ व्होल्टच्या जागी ४३५-४४० व्होल्ट दिसू लागतात. अशा वेळी गिरणी बंद व धारित्रे मात्र जोडलेली राहिली, तर ती स्वतःही दाब वाढवितात. ५०० केव्हीएच्या, पाच टक्के संरोधाच्या रोहित्रावर २०० केव्हीएआर मोकळे सोडले तर दाब आणखी सुमारे दोन टक्के चढतो. म्हणूनच ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ४४० व्होल्टचे धारित्र ही किमान निवड समजावी व जेथे रात्रीचा दाब चढतो तेथे त्याहून वरची. शिवाय भार नसताना धारित्रे सुटतील अशी स्वयंचलित योजना असावी. ज्यांच्याकडे नोंद ठेवणारा मीटर नाही त्यांनी निदान एक आठवडा रात्री दोन वाजता दाब मोजून वहीत लिहावा; खरेदीपूर्वीचा हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

हरात्मकांचा उपद्रव

पन्नास वर्षांपूर्वी कारखान्यातील प्रवाहाची लहर बरीच शुद्ध असे. आता मोटरींचा वेग बदलणारी ड्राइव्ह, वेल्डिंगची यंत्रे, बॅटरी भरणारी उपकरणे, एलईडी दिवे या सर्वांत अर्धसंवाहक स्विच असतात व ते प्रवाह तुकड्यातुकड्यांनी घेतात. अशा प्रवाहात मूळ ५० हर्ट्‌झबरोबर २५०, ३५० हर्ट्‌झचे, म्हणजे पाचवे, सातवे असे हरात्मक मिसळलेले असतात. धारित्राचा गुणधर्म असा की कंप्रता जितकी अधिक तितका त्याचा अडथळा कमी. पाचव्या हरात्मकाचा दाब मूळ दाबाच्या ५ टक्के असला तरी त्याचा प्रवाह धारित्रातून मूळ प्रवाहाच्या २५ टक्के वाहतो.

एवढ्यावर थांबले तर धारित्र ते सोसते. पाटीवरील प्रवाहाच्या १.३ पट प्रवाह कायम सोसण्याची तरतूद मानकात आहे. खरा धोका अनुस्पंदनाचा. रोहित्राचे प्रवर्तन व धारित्राची धारणा यांची जोडी झोपाळ्यासारखी असते. तिचा स्वतःचा एक झोका असतो. ठराविक वेळी हलकासा धक्का देत राहिले तर झोपाळा उंच जातो, तसेच या जोडीच्या झोक्याशी एखादा हरात्मक जुळला तर तो अनेक पटींनी वाढतो. ही कंप्रता काढणे अवघड नाही. रोहित्राची मंडलसंक्षेप शक्ती भागिले धारित्रांची शक्ती, याचे वर्गमूळ काढावे. ५०० केव्हीएच्या, पाच टक्के संरोधाच्या रोहित्राची मंडलसंक्षेप शक्ती १०,००० केव्हीए होते. त्यावर २०० केव्हीएआर असतील तर भागाकार ५० व वर्गमूळ ७.०७, म्हणजे जवळजवळ सातवा हरात्मक. ४०० केव्हीएआर जोडले तर वर्गमूळ ५, म्हणजे नेमका पाचवा! धारित्रे टप्प्याटप्प्याने जोडली-सोडली जात असल्याने हा आकडा दिवसभर सरकत असतो. 'परवापर्यंत ठीक होते, एक डबा वाढविला आणि सगळे बिघडले' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते. पाचव्या हरात्मकाचा दाब या मार्गाने १५ टक्क्यांवर गेला की त्याचा प्रवाह मूळ प्रवाहाच्या ७५ टक्के होतो व एकूण प्रवाह १.२५ पट. त्यात पुरवठ्याचा दाब पाच टक्के वर असला म्हणजे १.३ची मर्यादा ओलांडली गेलीच.

यावरचा उपाय म्हणजे धारित्राच्या मालिकेत एक प्रवर्तक गुंडाळी, म्हणजे रिॲक्टर, जोडणे. भारतात व अन्यत्र ७ टक्क्यांचा रिॲक्टर पुष्कळ वापरला जातो. त्याने त्या शाखेची स्वतःची कंप्रता १८९ हर्ट्‌झवर येते, पाचव्या हरात्मकाच्या बरीच खाली, आणि २५० हर्ट्‌झला तो झोका लागत नाही. परंतु येथे एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. रिॲक्टर लावल्यावर धारित्रावरचा दाब घटत नाही, उलट वाढतो! गुंडाळीवरचा दाब व धारित्रावरचा दाब परस्परविरुद्ध असल्याने, ७ टक्के रिॲक्टर असता पुरवठ्याच्या ४१५ व्होल्टला ०.९३ने भागावे लागते. धारित्राच्या अग्रांवर ४४६ व्होल्ट येतात. ४४० व्होल्टच्या धारित्रामागे रिॲक्टर जोडणे म्हणजे पहिल्या दिवसापासून, पुरवठा अगदी नेमका असतानाही, त्याची मर्यादा ओलांडणे होय, आणि हरात्मकांचा दाब त्याहून निराळा. रिॲक्टरबरोबर ४८० किंवा ५२५ व्होल्टचीच धारित्रे घ्यावीत. त्यांची प्रत्यक्ष शक्तीही याच हिशेबाने काढावी: ४८० व्होल्टचे ५० केव्हीएआरचे धारित्र ७ टक्के रिॲक्टरसह ४१५ व्होल्टवर ४०.२ केव्हीएआर देते, ५२५ व्होल्टचे ३३.६. जुन्या कपाटातील काही शाखा रिॲक्टरविना ठेवून काहींना तेवढा जोडणे हे तर मुळीच करू नये; उघड्या शाखा सगळे हरात्मक आपल्याकडे ओढून घेतात.

तापमान, प्रवाह आणि जोडणी

पाटीच्या एका कोपऱ्यात '−२५/डी' यासारखे अक्षर असते. त्यातील 'डी'चा अर्थ धारित्राभोवतालची हवा क्षणभर जास्तीत जास्त ५५ अंश सेल्सिअस, दिवसाच्या सरासरीने ४५ व वर्षाच्या सरासरीने ३५ अंशांपर्यंत चालेल. 'सी' वर्गात हेच आकडे ५०, ४० व ३० आहेत. फलोदी येथे मे २०१६ मध्ये पारा ५१ अंशांवर गेला होता, ते झाले सावलीतील मोकळ्या हवेचे तापमान. येथे विचार करावयाचा तो बंद कपाटातील हवेचा. धारित्र स्वतः फारशी उष्णता देत नाही. ५० केव्हीएआरच्या चांगल्या धारित्रात पंचवीस वॅटही वाया जात नाहीत. रिॲक्टर मात्र त्याच्या कितीतरी पट तापतो. तो खाली व धारित्रे त्याच्या डोक्यावर, अशी मांडणी पुष्कळ कपाटांत दिसते; जागा वाचते, धारित्रे भाजली जातात. वर्षाच्या सरासरीचा आकडा किनाऱ्यावरच्या लोकांनी विशेष पाहावा. चेन्नईचा उन्हाळा राजस्थानासारखा भाजत नसला तरी तेथे हिवाळाही नसतो. बाहेरच्या हवेचीच वार्षिक सरासरी २८-२९ अंश असल्यावर कपाटात ३५ची मर्यादा गाठण्यास वेळ लागत नाही. पंखा, हवेची वाट व गाळणीची नियमित सफाई यांना धारित्राच्या किमतीइतकेच महत्त्व द्यावे.

प्रवाहाचा आकडा पाटीवर असतो. नसला तरी काढता येतो. ५० केव्हीएआर, ४४० व्होल्टला तो ६५.६ अँपिअर. परंतु वायर व वितळतार ६५ अँपिअरची घेतली तर ती तापणारच. १.३ पट प्रवाहाची सवलत आणि धारणा पाटीपेक्षा काही टक्के अधिक असण्याची मुभा, दोन्ही मिळून सुमारे दीडपट, म्हणजे ९८ अँपिअरचा हिशेब धरावा. कॉन्टॅक्टरही साधा चालत नाही. आधीच भरलेल्या धारित्रांच्या शेजारी रिकामे धारित्र जोडले की शेजारची सर्व ऊर्जा त्याच्याकडे धाव घेते, व काही सहस्रांश सेकंद प्रवाह नेहमीच्या शंभर पटींच्या घरात जाऊ शकतो. धारित्रांसाठी खास बनविलेल्या कॉन्टॅक्टरात प्रथम रोधातून व मग थेट जोडणी होते, तोच घ्यावा.

एकाच मोटरीच्या अग्रांना धारित्र जोडावयाचे असल्यास आणखी एक मर्यादा पाळावी लागते. धारित्राचा प्रवाह मोटरीच्या निर्भार चुंबकन प्रवाहाच्या ९० टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. तो अधिक असेल तर पुरवठा तोडल्यावरही, पाते फिरत असेतो, मोटर जनित्र बनते आणि अग्रांवर धोकादायक दाब उभा राहतो.

उच्चदाबाची धारित्रे हा निराळा विषय आहे. येथे एवढेच सांगणे पुरे की वाचण्याची रीत तीच. ११ किलोव्होल्टच्या ताराकृती संचात प्रत्येक कलेवर ६.३५ किलोव्होल्ट येतात, तरी तेथे ७.३ किलोव्होल्टची एकके बसविलेली आढळतात. असे २०० केव्हीएआरचे एकक रिॲक्टरविना प्रत्यक्षात सुमारे १५१ केव्हीएआर देते.

बंद केलेले धारित्र

धारित्र पुरवठ्यापासून तोडले तरी ते रिकामे झालेले नसते. वर पाहिलेल्या ५० केव्हीएआरच्या धारित्राची धारणा त्रिकोण जोडणीत प्रत्येक कलेस २७४ मायक्रोफॅरड असते. ४१५ व्होल्टच्या लहरीच्या शिखरावर, म्हणजे ५८७ व्होल्टवर, ते तुटले तर एकाच कलेत सुमारे ४७ ज्यूल ऊर्जा राहते. एक किलोग्रॅमचे वजन पावणेपाच मीटर उंचीवरून पडावे इतकी. ती हळूहळू जिरविण्यासाठी अग्रांवर विमोचन रोध जोडलेले असतात. ६०८३१ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे दाब तीन मिनिटांत ७५ व्होल्टपर्यंत उतरला पाहिजे. उच्चदाबाच्या ६०८७१ क्रमांकाच्या मानकात याला दहा मिनिटे दिली आहेत. रोध जळलेला किंवा तुटलेला असेल तर हा अवधी तासांचा होतो, व बाहेरून ते कळत नाही. म्हणून वेळ जाऊ द्यावा, मग मीटरने दाब मोजावा, आणि नंतरच निरोधक मुठीच्या दांडीने अग्रे एकमेकांस व भूमीस जोडून ती कामभर तशीच ठेवावीत. पुन्हा जोडतानाही उरलेला दाब पाटीच्या दहा टक्क्यांहून अधिक असू नये. स्वयंचलित नियंत्रकातील विलंबाचा काळ याच कारणाने ठेवलेला असतो, उगीच कमी करू नये.

फार जुन्या वीजखोल्यांत तेल भरलेले, जाड पत्र्याचे कागदी धारित्र कधीकधी अजून सापडते. त्यातील द्रव पीसीबी या वर्गातील असू शकतो. तो सहजी पेटत नाही म्हणून एके काळी पसंत केला जाई. शरीरात व मातीत दीर्घकाळ टिकून राहणारे विष म्हणून २००१च्या स्टॉकहोम कराराने तो वर्ज्य ठरविला. असा डबा गळत असेल तर त्यास हात लावू नये व तो भंगारात विकू नये. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळास कळवावे.

चालू धारित्राची प्रकृती पाहण्यास मोठी उपकरणे लागत नाहीत. वर्षातून दोनदा, पूर्ण विमोचनानंतर, धारणा मोजणाऱ्या मीटरने कोणत्याही दोन अग्रांमध्ये मोजावे. त्रिकोण जोडणीत हा आकडा एका कलेच्या दीडपट दिसतो. आपल्या ५० केव्हीएआरच्या, ४४० व्होल्टच्या धारित्रास सुमारे ४११ मायक्रोफॅरड. तिन्ही जोड्यांत तो सारखा यावा. एक जोडी बाकीच्यांपासून दूर गेली किंवा तिन्ही आकडे पहिल्या नोंदीपेक्षा दहा टक्क्यांनी उतरले, तर ते धारित्र बदलावे. पहिली नोंद मात्र डबा नवा असतानाच करून ठेवावी लागते.